अत्तेंचा वाटा

माझी जीभ तिखट आहे, हे आधीच सांगून टाकते. शेंगाचटणीवर निदान दही घालता येतं, माझ्यावर तेही चालत नाही, असं माझा नवरा म्हणतो. तो पुण्याला कंपनीत असतो आणि एकाआड एक शनिवारी येतो, त्यामुळे त्याला बोलायला काय जातं. घरी मी आणि सासूबाई, सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. सासूबाईंना मी अत्ते म्हणते. माझं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, लिंगायत, घरात बोलणं कन्नड, आणि कन्नडात सासूला अत्तेच म्हणतात. लग्न करून आले ती मात्र ख्रिस्ती घरात. कोर्टात सह्या केल्या आणि आले. माझ्या गळ्यातलं इष्टलिंग गळ्यातच राहिलं, अत्तेंच्या उशाचं बायबल उशाशीच राहिलं. पहिल्याच दिवशी अत्ते म्हणाल्या होत्या, "तुजं तुज्यापाशी, माजं माज्यापाशी. भाकरी तेवढी एका तव्यावर." तेव्हापासून आमचं भांडण झालं ते मिठावरून, देवावरून कधी नाही.

सव्वा वर्षापूर्वी अत्ते न्हाणीत पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण उभं राहणं काही जमेना. साखरेनं डोळे आधीच नेले होते, समोर माणूस आहे की कपाट एवढंच कळतं. चर्च आमच्या मागच्याच गल्लीत. घंटा वाजली की आमच्या फळीवरची भांडी थरथरतात, इतकं जवळ. तरी अत्तेंना ते आता सोलापूर सोडून वळसंगला जावं इतकं लांब झालं. म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी, उपासना संपली की, चर्चमधून डिकन घरी येऊ लागला.

डिकन म्हणजे काय, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. पायघोळ पांढरा झगा आहे, दीक्षा झालेली आहे, बिशपांनी डोक्यावर हात ठेवलेला आहे, मग हा पाळकच की. तर नाही. पाळकसाहेब गळ्यातला रेशमी पट्टा दोन्हीकडे सरळ सोडतात. डिकनचा पट्टा डाव्या खांद्यावरून तिरका खाली येतो आणि उजव्या कुशीपाशी बांधलेला असतो. उपासनेत शुभवर्तमान तो वाचतो, प्रभुभोजनाचं टेबल तो मांडतो, प्याला तो धरतो, शेवटी सगळं आवरतो आणि लोकांना घरी जायला सांगतो. आजाऱ्यांच्या घरी त्यांचा वाटा तोच पोहोचवतो. पण भाकर आणि द्राक्षरसावरची जी मोठी प्रार्थना, ती पाळकानंच करायची. आशीर्वाद पाळकानंच द्यायचा. बहुतेक जण वर्षभर डिकन राहतात आणि मग पाळक होतात, म्हणजे मधल्या काळात धड ना इकडचे, धड ना तिकडचे.

"म्हणजे पंगतीतला वाढपी," मी म्हटलं.

"व्हय, वाडपीच," अत्ते म्हणाल्या. "पन वाडप्याबिगर पंगत उटती का?"

आमचा हा वाढपी वैरागचा, ज्वारीच्या मुलखातला. चाळिशी उलटलेला. आधी टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. तिथलं काम सोडून, बायकोचं डोकं खाऊन, धर्मशिक्षणाला गेला आणि इतक्या उशिरा डिकन झाला. बोटं अजून जाड, नखांच्या कडा काळ्या त्या काळ्याच. पहिल्या दिवशी झगा सावरत दारात उभा राहिला तेव्हा माझ्या मनात आलं, आले अर्ध्या हळकुंडानं पिवळे झालेले. पण माणूस तसा नव्हता. चपला काढून, पाय धुऊन आत यायचा. अत्तेंच्या खाटेजवळचं स्टूल ओढायचा, त्यावर पांढरा रुमाल अंथरायचा, खिशातून क्रूस कोरलेली स्टीलची छोटी डबी काढायचा. डबीत टेबलावरच्या भाकरीचा तुकडा असायचा, द्राक्षरसाचा थेंब लावलेला. प्रार्थना म्हणून तो अत्तेंच्या तळहातावर ठेवायचा.

मी बाहेरच्या खोलीत मशीनवर असायची. नवी पेठेतल्या एका साडीच्या दुकानाचं फॉल-पिकोचं काम मी घरी आणते, आणि लग्नसराईत मला रविवार-बिविवार काही नसतो. पण अत्ते दोन्ही तळहात एकावर एक ठेवून पुढे करायच्या, तेव्हा माझं मशीन आपोआप थांबायचं. मी रोज सकाळी इष्टलिंग तळहातावर घेऊन बसते तो हात मला आठवायचा. हे मी कधी कोणाला बोलले नाही.

सगळं झालं की डिकन म्हणायचा, "शांतीने जा, प्रभूची सेवा करा." चर्चमध्ये हे वाक्य डिकनचंच असतं, ते ऐकल्यावर लोक उठतात. मंडळी उत्तर देते, "देवाला धन्यवाद." आमच्या घरात मंडळी म्हणजे एकट्या अत्ते. त्या खाटेवरून खणखणीत उत्तर द्यायच्या, आणि मग डिकन स्वतःच चपला घालून जायचा. मला हसू यायचं. जायला सांगतात पेशंटला आणि जातात आपणच, असं मी एकदा त्याच्या तोंडावर म्हणालेही. तो म्हणाला, "वहिनी, आजींना कुटं जायचंय ते आजींना म्हाइत हाय की."

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात जायची. अत्ते त्या दिवशी प्रभुभोजनाआधी पाणीसुद्धा घ्यायच्या नाहीत. त्यांच्या वडिलांनी लहानपणी लावलेली शिस्त. चर्चमध्ये आता असं कोणी पाळत नाही, आजाऱ्याला तर कोणी सांगतही नाही. पाळकसाहेबांनी समजावलं, डॉक्टर ओरडले. अत्तेंचं एकच, "जल्मभर पाळलंय. आता मरताना मोडू व्हय?" मी बोलणार तरी काय. माझी आई लिंगपूजा झाल्याशिवाय गुळाचा खडा तोंडात टाकत नसे. तेव्हा मी आणि अत्तेंनी एक तोड काढली होती. उपासना संपल्याची घंटा वाजली की मी इन्सुलिन टोचायचं. पाचेक मिनिटांत डिकन येतो, त्याचं आटोपलं की लगेच दूध-भाकरी. हे अगदी बिनबोभाट चाललं होतं.

यंदाच्या ईस्टरला ते बिघडलं.

त्या ईस्टरची अत्ते महिनाभर वाट बघत होत्या, कारण डिकनचं वर्ष संपलं होतं. सोमवारी पहाटे तो बिशपांच्या गावी जाणार होता. तिथे त्याला पाळक करणार आणि नेमणूक कुठेतरी लांब देणार. पुन्हा आमच्या गल्लीत येणं नाही. "ईस्टरचं त्याच्याच हातनं घेनार," अत्ते म्हणायच्या, "पुडं कोन येतंय, कसं येतंय, आन मी तरी असतीय का." नवऱ्याला या खेपेला सुट्टी नव्हती, म्हणून शनिवारी मला उन्हात पाठवून डिकनसाठी टॉवेल आणायला लावला. सोलापुरात, तेही टॉवेलच्या जॉबरला, टॉवेल. मी म्हटलं, अत्ते, वैरागच्या माणसाला ज्वारीच द्या की एक पायली. त्यांनी ऐकलं नाही.

रविवारी सकाळी अत्ते आंघोळ करून, पांढरं लुगडं नेसून, उशीला टेकून बसल्या. ऊन आठ वाजताच भाजायला लागलं होतं. घंटा वाजली, भांडी थरथरली, मी इन्सुलिन टोचलं. दूध कोमट केलं, भाकरी काढून ठेवली आणि दारात येऊन उभी राहिले.

गल्लीतून नवे कपडे घातलेली माणसं गेली. पोरं गेली. शेवटी झाडूवाली मावशीसुद्धा गेली. डिकनचा पत्ता नाही. फोन केला तर उचलेना. मी आत-बाहेर करायला लागले. अर्धा तास झाला असेल. अत्तेंच्या कपाळावर घाम दिसला. हात धरला तर गार. बोटं थरथरत होती. साखर उतरते तेव्हा असंच होतं, मला माहीत होतं.

"अत्ते, साखर घ्या. चिमूटभर."

मान हलली. नाही.

"मेला बिला तुमचा नेम. इंजेक्शन पोटात गेलंय, कळतंय का?"

"यील त्यो," अत्ते म्हणाल्या आणि ओठ मिटून घेतले. मी चमचा ओठांशी नेला. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. दात असे आवळले की मला रडूच आलं. रागाचं की भीतीचं, ते देव जाणे. माझ्या आईची शपथ घातली, त्यांच्या लेकाची घातली. आंधळ्या, थरथरणाऱ्या बाईपुढे मी हात टेकले.

तेवढ्यात दारात चपला वाजल्या. डिकन आला होता. झगा घामानं अंगाला चिकटलेला, पट्टा खांद्यावरून घसरलेला. आत येईना. मला हातानं बाहेर बोलावलं.

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवताय," मी म्हटलं. "आत या. तिकडं जीव चाललाय त्यांचा."

"वहिनी," तो हळू म्हणाला, "डबी रिकामी हाय."

मग सांगितलं ते असं. ईस्टरची गर्दी. रांग संपता संपेना. पाळकसाहेबांना पुढची उपासना वळसंगला घ्यायची होती, ते घाईत. प्रभुभोजन झालं की टेबलावर उरलेलं टाकून देत नाहीत. भाकरीचा कण न कण तिथंच खायचा, प्याला पाण्यानं खंगाळायचा आणि ते पाणीही प्यायचं. हे काम डिकनचं. आमच्या डिकननं ते नेहमीप्रमाणं मन लावून केलं. सगळ्या ताटल्या रिकाम्या केल्या, पुसल्या, प्याला खंगाळून प्यायला. घंटा वाजवायला सांगितली. मग खिशातली डबी भरायला काढली आणि तेव्हा लक्षात आलं की कडेच्या छोट्या ताटलीतला तुकडा अत्तेंचा होता. तोवर पाळकसाहेब मोटारसायकलवरून गेलेले, फोन बंद. हा झग्यासकट नाक्यापर्यंत पळाला, मोटारसायकल दिसली नाही.

माझं पित्त असं खवळलं की विचारू नका. वाढप्यानं आजाऱ्याचंच ताट जेवून टाकावं. पण भांडायला वेळ नव्हता, आणि माझं डोकं अशा वेळी वेगळंच चालतं. मी त्याला स्वयंपाकघराच्या दाराशी ओढलं.

"घरात पाव आहे," मी कुजबुजले. "काळ्या मनुकांचं पाणी आत्ता करते. त्यांना दिसत नाही. तुम्हाला ती प्रार्थना पाठ आहे ना?"

"पाठ हाय."

"मग म्हणा की. आठवड्यात पाळक होणारच आहात. आठ दिवस इकडचे तिकडे."

त्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. डोळ्यांत पाणी होतं. "वहिनी, येत न्हाय म्हनून न्हाय म्हनत न्हाय मी. त्यो अधिकार मला दिलेला न्हाय अजून. आन त्यास्नी दिसत न्हाय, म्हनून तर फसवायचं न्हाय."

मी काही बोलायच्या आत तो आत गेला. स्टूल ओढलं नाही, खाटेशी जमिनीवरच बसला. अत्तेंनी त्याची चाहूल ओळखली आणि दोन्ही तळहात एकावर एक ठेवून पुढे केले. हात नुसते लटपटत होते. मला वाटलं, आता हा खोटं बोलला तरी देव काही म्हणणार नाही.

डिकननं ते दोन्ही हात आपल्या हातात घेतले. "आजी, तुमचा वाटा मी खाल्ला."

मशीनवरच्या साडीवर माशी बसली होती, ती मला आजही दिसते.

"मुद्दाम न्हाय," तो म्हणाला. "आवरताना खाल्ला. ध्यान न्हाय ऱ्हायलं. आता माज्यापाशी काय न्हाय."

"भूक लागली हुती का रं?" अत्तेंनी विचारलं. आवाज खोल गेलेला, पण त्यात थट्टा होती. मला हसावं की त्यांना हलवावं ते कळेना. मग म्हणाल्या, "वळसंगला जा. आन. मी थांबतीय."

"जातो. पन तुमी खाऊन थांबायचं."

"न्हाय."

"आजी, ऐका. डिकन पैल्यांदा कशाला केले, म्हाइताय की तुमाला. तुमीच मला सांगिटलंवतं." आणि तो भराभर बोलायला लागला. अगदी पहिल्या मंडळीत रोजचं जेवण वाटायचे, त्यात विधवा बायका सुटून जायला लागल्या, त्यांची ओरड झाली, तेव्हा सात माणसं निवडली, ती या कामाला. टेबलावरचा प्याला धरायला नाही, झगा घालायला नाही. पंगतीत बसलेल्या विधवेच्या पुढ्यात भाकरी पोचली का, हे बघायला. "पाळकानं काय करायचं ते आटवड्यानं बगू. आज मी डिकन हाय, तुमी विधवा हायसा. तुमी उपाशी पडलासा, तर त्या पैल्या कामातनंच मला काडून टाका. मंग बिशपांकडं कुटल्या तोंडानं जाऊ?"

अत्तेंनी ओठ उघडले नाहीत. पण मान भिंतीकडे वळवलीही नाही. डिकननं न बघता माझ्यापुढे हात केला आणि मी साखरेच्या पाण्याची वाटी त्या हातात दिली.

पहिला चमचा हनुवटीवरून गळ्यात गेला. माग दुरुस्त करणाऱ्याला चमचा कुठला धरता येतोय. दुसरा अर्धा आत गेला. तिसऱ्याला अत्तेंनी आपण होऊन तोंड पुढे केलं. ते बघितलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात धरून रडले. मग दूध-भाकरी कुस्करून आणली. तीही त्यानंच भरवली. दूध झग्यावर सांडलं, भाकरी त्या रेशमी पट्ट्याला लागली, त्याचं त्याला भान नव्हतं. हळूहळू अत्तेंच्या हातात ऊब आली. "तुजं झालं का जेवन?" त्यांनी विचारलं. तो म्हणाला, "आलो की जेवतो." आणि तसाच, दुधाच्या डागांसकट, एसटी स्टँडकडे गेला.

दुपारभर अत्ते झोपल्या. मी साड्यांना हात लावला नाही. मला राहून राहून एकच वाटत होतं. तो आणील, पण आता यांच्या पोटात भाकरी आहे. ज्या बाईनं जन्मात नेम मोडला नाही, ती भरल्या पोटी तळहात पुढे करेल का. आणि नाही केला, तर या माणसाचं वळसंग फुकट, आणि अत्तेंची महिनाभराची आसही.

ऊन उतरता उतरता तो आला. चेहरा धुळीनं माखलेला. पाय धुतले, स्टूल ओढलं, पांढरा रुमाल अंथरला, डबी ठेवली. डबी ठेवल्याचा आवाज अत्तेंनी ऐकला.

"आनलंस?"

"व्हय."

"मी जेवलीय रं."

डिकननं आग्रह केला नाही, शास्त्र सांगितलं नाही. डबीही उघडली नाही. नुसता बसून राहिला. मी दाराच्या चौकटीला धरून उभी.

अत्ते म्हणाल्या, "माजा बा म्हनायचा, उपाशी पोटी घ्यावं, देवाआदी पोटात कायबी जाऊ नये." मग तोंड माझ्याकडे वळवलं, मी कुठे उभी आहे ते त्यांना कसं कळलं कोण जाणे. "हिनं सकाळपास्नं चमचा घेऊन माजी आर्जवं केली. ह्यो पोरगा उन्हातान्हाचा पळाला. ह्यांच्या हातनं जे पोटात गेलं, त्ये देवाआदी गेलं असं म्हनू का मी? मला न्हाय म्हनवत."

आणि त्यांनी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून पुढे केले. या वेळी ते थरथरत नव्हते.

त्यानं डबी उघडली, प्रार्थना म्हटली, तुकडा ठेवला. अत्तेंनी तो तोंडात घेतला. तळहातावर कण राहिले होते, ते डिकननं ओल्या बोटानं टिपून आपल्या तोंडात घातले. डबी पुसली, रुमालाची घडी केली. मी टॉवेल आणून दिला, तो त्यानं हसून छातीशी धरला. जेवायचं ताट वाढते म्हटलं तर नको म्हणाला, घरी बायको सामान बांधून वाट बघत होती. मी भाकरी-चटणी फडक्यात बांधून हातात कोंबली. सकाळी मनातल्या मनात त्याला दिलेल्या शिव्या तेवढ्यानं फिटतील, असं वाटलं.

तो उठला. आता ते नेहमीचं वाक्य म्हणायचं होतं. डिकन म्हणून शेवटचं. त्यानं तोंड उघडलं आणि आवाज फुटला नाही. पुन्हा उघडलं. नाहीच.

अत्तेंनी ते ओळखलं. मग खाटेवरूनच त्याच्या दिशेनं हात उचलला. "जा आता बाबा," त्या म्हणाल्या. "शांतीनं जा. आन परभूची सेवा कर."

त्यावर मंडळीनं उत्तर द्यायचं असतं. डिकन टॉवेलात तोंड खुपसून उभा होता, त्याच्याकडून ते होणार नव्हतं. अत्तेंनी तर वाक्यच म्हटलं होतं, उत्तर त्यांचं कसं असेल. घरात तिसरं माणूस मीच होते.

"देवाला धन्यवाद," मी म्हटलं.